पंपापूर्वींचा महिना

कांहीं पुस्तकांचें दुर्दैव असें कीं, त्यांतील एकाच पानाची कीर्ति फार वाढते आणि उरलेलें पुस्तक तिच्या सावलींत पडतें. हेलन केलर यांचें 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' हें आत्मचरित्र या जातीचें आहे. १९०३ सालीं तें पुस्तकरूपानें निघालें, तेव्हां लेखिका बावीस वर्षांची होती व अजून कॉलेजांत शिकत होती. तेव्हांपासून या पुस्तकाचें नांव काढलें कीं सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राहतें : एक आंधळी-बहिरी मुलगी, पाण्याचा पंप, तिच्या एका हातावर कोसळणारी धार, आणि दुसऱ्या हातावर बोटांनीं 'पाणी' हा शब्द रेखणारी तिची बाई. हें चित्र चौथ्या प्रकरणांत आहे. तें प्रकरण मीं स्वतः कॉलेजच्या पहिल्या वर्षाला पुष्कळ वर्षें शिकविलें, त्यावर मुलांकडून निबंध लिहून घेतले, आणि दर वर्षीं त्याच ओळीशीं माझा आवाज थोडा घोगरा होत असे. आज या प्रकरणाविषयीं मला जें लिहावयाचें आहे तें कांहींसें माझ्याच शिकवण्याविरुद्ध आहे, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

प्रसंगाचें वाङ्मयीन सामर्थ्य निर्विवाद आहे. लेखिकेनें त्याची मांडणी एखाद्या नाटकाच्या अंकासारखी केली आहे. प्रथम 'पेला' व 'पाणी' या दोन शब्दांवरून बाई आणि मुलगी यांची झालेली ओढाताण. मग मुलीनें रागाच्या भरांत नवी बाहुली आपटून फोडणें व त्याचें तिला यत्किंचितही दुःख न होणें. मग फुललेल्या वेलीच्या वासांतून पंपाकडे जाणें. मग पाणी, शब्द, आणि एकाएकीं पडलेला उजेड. शेवटीं घरीं परतल्यावर त्याच बाहुलीचे तुकडे जुळवूं पाहणारी, आयुष्यांत प्रथमच पश्चात्ताप पावलेली मुलगी. भाषा आली आणि तिचा हात धरून पश्चात्तापही आला, ही रचना इतकी सुबक आहे कीं नाटककारांस ती आयतीच सांपडली. १९५९ सालीं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेल्या विल्यम गिब्सनच्या नाटकाचा कळस हाच प्रसंग, आणि त्याच्या नांवांतच 'मिरॅकल' म्हणजे चमत्कार हा शब्द. आपल्याकडे २००५ सालच्या 'ब्लॅक' या हिंदी चित्रपटांत पंपाच्या जागीं कारंजें आलें, बाईच्या जागीं मास्तर आले; पण वीज चमकावयाची ती तशीच चमकली.

परंतु मूळ पुस्तक एका भागाचें नाहीं, तीन भागांचें आहे. पहिला भाग आत्मचरित्राचा. दुसरा हेलनच्या पत्रांचा. आणि तिसरा जॉन मेसी या संपादकानें सिद्ध केलेला, ज्यांत हेलनची शिक्षिका अॅन सलिव्हन हिनें १८८७ सालीं लिहिलेल्या पत्रांचे उतारे आहेत. सलिव्हनबाई स्वतः अर्धवट आंधळ्या. त्यांचें बालपण सरकारी अनाथगृहांत गेलेलें. वीस वर्षांच्या वयांत, ३ मार्च १८८७ रोजीं, त्या अॅलाबामा संस्थानांतील टस्कंबिया या गांवीं केलर कुटुंबाकडे आल्या. मुलगी तेव्हां पावणेसात वर्षांची होती. नव्या जागीं काय घडतें आहे, हें त्या बॉस्टनच्या अंधशाळेंतील आपल्या मायाळू गृहमातेस कळवीत. हीं पत्रें छापण्याकरितां लिहिलेलीं नव्हतीं, हाच त्यांचा मोठा गुण. त्यांत मांडणी नाहीं; रोजचा हिशेब आहे.

हा हिशेब वाचूं लागलें म्हणजे चौथ्या प्रकरणाचा रंग पालटतो. पहिल्याच दिवसांत बाईंनीं मुलीच्या हातांत बाहुली दिली व तळव्यावर त्या शब्दाचीं अक्षरें रेखलीं. मुलीनें बोटांची ती हालचाल हुबेहूब उचलली. परंतु ती तिच्या दृष्टीनें एक खेळ होती. मग जेवणाच्या टेबलावरील रणकंदन : जी मुलगी प्रत्येकाच्या ताटांत हात घालीत हिंडे, तिला चमच्यानें खावयास व हातरुमालाची घडी करावयास लावण्यांत सारी सकाळ गेली. मग घरच्यांच्या लाडापासून दूर, बागेंतील लहानशा घरांत, दोघींचा दोनएक आठवड्यांचा वास. २० मार्चच्या पत्रांत 'चमत्कार' हा शब्द प्रथम येतो. मीं तो पहिल्यानें वाचला तेव्हां दचकलों, कारण पंपाला अजून सोळा दिवस अवकाश होता. हा चमत्कार शब्दाचा नव्हता. एक बेफाम मूल शांतपणें शेजारीं बसूं लागलें, एवढाच तो होता. त्याच सुमारास हेलननें घरच्या कुत्रीचा पंजा धरून तिला 'बाहुली' या शब्दाचीं अक्षरें शिकविण्याचा उद्योग केला! जें आपल्याला अजून उमगलें नाहीं तेंच दुसऱ्यास शिकवूं पाहणारी ही मुलगी आम्हां प्राध्यापकांस परकी वाटूं नये.

आतां तुलनेच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. सलिव्हनबाईंनीं ३१ मार्चपर्यंत हेलनला आलेल्या शब्दांची यादी दिली आहे : अठरा नामें व तीन क्रियापदें. त्या अठरा नामांत 'पाणी' आहे! म्हणजे ज्या शब्दानें पुढें जगाचें दार उघडलें असें आपण मानतों, तो शब्द पांच दिवस आधींच तिच्या बोटांत होता. याहून विशेष असें कीं, मुलीनें जे शब्द आपण होऊन विचारले त्यांवर बाईंनीं खूण केली आहे. डोळा, बोट, पायाचें बोट आणि डोकें हे ते शब्द. याचा अर्थ, वस्तूचें नांव मागण्याची प्रवृत्ति पंपापूर्वींच सुरू झाली होती, आणि तिचा आरंभ स्वतःच्या देहापासून झाला होता.

५ एप्रिलचें पत्र तर त्याच दिवशींचें. आत्मचरित्रांत घोटाळा 'पेला' व 'पाणी' यांचा आहे. पत्रांत तो 'पेला' व 'दूध' यांचा आहे. दोन्ही शब्द रेखतांना हेलन पिण्याचा अभिनय करी. पेला, दूध आणि पिणें हीं तिच्या लेखीं एकच होतीं. त्या सकाळीं तोंड धुतांना तिनें पाण्याचें नांव विचारलें. बाईंनीं तें सांगितलें, आणि न्याहारीनंतर त्यांना सुचलें कीं, या शब्दाच्या साह्यानें जुना गुंता सोडवितां येईल. म्हणून त्यांनीं पेला तिच्या हातीं दिला आणि पंपाखालीं धरावयास लावला. पेला तोच राहिला व आंतील पदार्थ बदलला, म्हणजे भांड्याचें नांव निराळें आणि भांड्यांतल्या वस्तूचें निराळें हें कळावें, असा तो हेतु. ही वीज आकाशांतून पडलेली नव्हती. एका विचारी शिक्षिकेनें काल जें चुकलें तें पाहून आज आखलेला तो पाठ होता. फुटलेली बाहुली त्या पत्रांत नाहीं. आणि बाई या घटनेला मुलीच्या शिक्षणांतील 'दुसरें' मोठें पाऊल म्हणतात. पहिलें कोणतें, तें वर आलेंच आहे.

लेखिकेनें खोटें लिहिलें, असा याचा अर्थ करणें अन्यायाचें होईल. बालपणाकडे मागें वळून पाहतांना सत्य आणि कल्पना वेगळीं काढणें कठीण जातें, हें तिनें पुस्तकाच्या आरंभींच सांगितलें आहे. तिला जें आठवलें तें तिनें लिहिलें. आणि स्मृति नेहमीं क्षण जपते, तयारी जपत नाहीं. बी पेरणाऱ्याला दिवस मोजावे लागतात. उगवणाऱ्याला एवढेंच ठाऊक कीं एके सकाळीं ऊन लागलें. दोष आमचा, म्हणजे वाचकांचा व शिक्षकांचा, कीं आम्हीं पेरणाऱ्याचें टिपण कपाटांत ठेवून उगवणाऱ्याचें तेवढें स्तोत्र गाइलें.

पंपाचें महत्त्व शून्य होतें असेंही मी म्हणत नाहीं. त्या दिवशीं कांहीं तासांत हेलननें तीस नवे शब्द घेतले; स्वतः जमिनीवर बसून तिचें नांव विचारलें, शेवटीं बाईकडे वळून बाईचें नांव विचारलें. खाऊ मिळावा म्हणून केलेली बोटांची हालचाल आणि वस्तु पुढें नसतांही तिच्या ठायीं उभें राहणारें नांव, यांत जें अंतर आहे तें तिनें त्या दिवशीं ओलांडलें. माझें म्हणणें इतकेंच कीं, तें अंतर एका उडीचें नव्हतें. खालीं पायऱ्या होत्या. आणि कित्येक पायऱ्या बाई येण्यापूर्वींच बांधलेल्या होत्या. आत्मचरित्राच्या दुसऱ्याच प्रकरणांत त्या सांपडतात. मान हालविणें म्हणजे नको. ओढणें म्हणजे ये. ढकलणें म्हणजे जा. पाव हवा असल्यास कापण्याचा व लोणी फासण्याचा अभिनय. आइस्क्रीम हवें असल्यास यंत्र फिरविल्याची खूण करून थंडीनें कुडकुडणें. थंडी वाजत नसतां कुडकुडणें, हें प्रतीक नव्हे तर काय? त्या खुणा आई समजून घेई, आणि स्वयंपाकिणीची काळी मुलगी मार्था, हेलनची खेळगडी, हीही समजून घेई. हेलनच्या भाषेचे पहिले जाणकार बॉस्टनहून आले नव्हते. ते स्वयंपाकघरांत होते.

आणखीही एक गोष्ट चौथें प्रकरण विसरावयास लावतें. हेलन जन्मतः आंधळी-बहिरी नव्हती. एकोणीस महिने तिनें पाहिलें होतें, ऐकलें होतें. आजारानंतरही पाण्याकरितां ती 'वॉ-वॉ' असा कांहीं आवाज करीत असे, हें पहिल्या प्रकरणांत तिनेंच नमूद केलें आहे. तिच्या पन्नास वर्षें आधीं, १८३७ सालीं, त्याच बॉस्टनच्या अंधशाळेंत डॉक्टर हौ यांनीं लॉरा ब्रिजमन या आंधळ्या-बहिऱ्या मुलीस शिकविण्यास आरंभ केला होता. चमचा, किल्ली, सुरी अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून, मग त्या सोडवून, त्या पुनः ज्याच्या त्यास लावावयास शिकविण्याची त्यांची रीत होती. चार्ल्स डिकन्सनें १८४२ सालच्या आपल्या प्रवासवर्णनांत लॉराची हकीकत दिली. ती वाचूनच हेलनच्या आईला प्रथम आशा वाटली. आणि सलिव्हनबाई टस्कंबियास निघण्यापूर्वीं हौ यांचे अहवाल वाचून आल्या होत्या. चमत्काराची एवढी मोठी वंशावळ असते!

हा पाठभेदाचा खल कशासाठीं, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर माझ्या घरांतलें आहे. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी जन्मापासून पाहत नाहीं, ऐकत नाहीं. ती पांच वर्षांची असतां मीं मोठ्या हौसेनें हें पुस्तक बहिणीला दिलें, चौथ्या प्रकरणांत खूण घालून. आठ महिन्यांनीं तें परत आलें तेव्हां खूण तेथेंच होती. ती म्हणाली, "दादा, सगळा पावसाळा मी रोज तिचा हात नळाखालीं धरला. तिला पाणी आवडतं. पण कांहीं झालं नाहीं. माझंच चुकत असेल." मीं तिला तिसरा भाग वाच असें सांगितलें नव्हतें, कारण तो तोंवर मीं स्वतःच नीट वाचलेला नव्हता. एका सुंदर उताऱ्यानें एका आईला आठ महिने अपराधी केलें होतें, आणि तो उतारा निवडणारा मी होतों.

पुढें त्या मुलीला एक शिक्षिका मिळाली. तिनें नळ सोडला व वाटी घेतली. प्रत्येक जेवणापूर्वीं तीच पितळी वाटी मुलीच्या हातांत द्यावयाची, तिच्यासह ताटाशीं जावयाचें, मग भात वाढावयाचा. फिरावयास निघतांना चपलेचा पट्टा, आंघोळीपूर्वीं पंचा. वस्तूलाच शब्द करण्याची ही रीत नेदरलँड्समध्यें यान फान डायक यांनीं १९६० नंतरच्या दशकांत अशाच मुलांना शिकवितांना रूढ केली. मुंबईंतही आंधळ्या-बहिऱ्या मुलांचें शिक्षण १९७७ पासून चालू आहे, आणि त्या संस्थेला नांव हेलन केलरचेंच आहे. वाटी हातीं देण्यास प्रारंभ केल्यापासून चौदाव्या महिन्यांत, एका दुपारीं, कोणीं न सांगतां, मुलीनें फळीवरची वाटी चांचपून काढली आणि स्वयंपाकघरांत येऊन आईच्या हातांत ठेवली. आजही तिला तळव्यावरचीं अक्षरें येत नाहींत. कदाचित् येणारही नाहींत. पण भूक लागली, हें ती आतां रडून सांगत नाहीं.

या अनुभवानंतर मीं सलिव्हनबाईंचीं पत्रें पुनः वाचलीं आणि १० एप्रिलच्या पत्रापाशीं थांबलों. पंपाच्या विजयाला पांचच दिवस झाले होते. दुसरा कोणी असता तर त्याच पद्धतीचा ग्रंथ लिहावयास बसला असता. बाई मात्र हेलनच्या पंधरा महिन्यांच्या लहान आतेमामे भावंडाकडे पाहत बसल्या आणि त्यांच्या लक्षांत आलें कीं, तान्ह्या मुलाला कोणी पाठ देत नाहीं. तें बोलूं लागण्यापूर्वीं कितीतरी समजतें, कारण घरचीं माणसें त्याच्याशीं अखंड बोलत असतात. तेव्हां त्यांनीं ठराविक पाठ बंद केले आणि ठरविलें कीं, बाळाच्या कानांत बोलावें तसें या मुलीच्या हातांत बोलावयाचें. तिला कळो न कळो, पुरीं वाक्यें बोलावयाचीं. माझ्या मतें या पुस्तकांतील सर्वांत मोठें पान हें आहे.

तिसऱ्या भागांत उणिवा नाहींत असें नाहीं. मेसींनीं पत्रांचे उतारेच दिले आहेत, आणि त्यांचा स्वतःचा सूर कोठें कोठें वकिली होतो. तरीही हें पुस्तक हातीं घेणाऱ्यास, विशेषतः ज्याच्या घरीं असें मूल आहे त्यास, मी सांगेन कीं तिसरा भाग आधीं वाचावा व पहिला मागून. माझ्या वर्गांत यंदापासून ३१ मार्चची यादी फळ्यावर लिहिली जाते. मुलें ती उतरून घेतात, 'पाणी' या शब्दाशीं थांबतात, आणि विचारतात कीं मग पंपावर झालें तरी काय. त्या प्रश्नापासून चौथें प्रकरण आम्ही सुरू करतों.