मोहोर, थंडी आणि ऋतूंचा आदिबंध

नॉर्थ्रॉप फ्राय यांनी ‘अ‍ॅनाटमी ऑफ क्रिटिसिझम’ (१९५७) मध्ये वसंताशी सुखात्मिकेचा, ग्रीष्माशी अद्भुतरम्याचा, पानगळीशी शोकात्मिकेचा आणि हिवाळ्याशी उपरोध-उपहासाचा संबंध जोडला. या व्यूहामागे बर्फाखाली गोठणारी भूमी आहे. तिथे हिवाळा म्हणजे मृत्यू. म्हणून पहिले फूल हा पुनर्जन्म. या आदिबंधाच्या आधारे मराठी कवितेतील बहराचा अन्वय लावू पाहणाऱ्या समीक्षकासमोर आंब्याचे झाड आडवे येते.

कोकणात हापूस मोहोरतो तो बहुधा डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे चैत्राच्या कितीतरी आधी. माघ-फाल्गुनात काटेसावर, पांगारा, पळस पाने गाळता गाळताच फुलतात. झडणे आणि बहरणे एकाच फांदीवर चालते. महत्त्वाचे असे की, थंडी ही मोहोराची वैरीण नसून त्याचे कारण आहे: रात्रीच्या गारव्यानेच आंब्याला मोहोर फुटतो. थंडी लांबली तर पुन्हा मोहोर येतो आणि आधी धरलेल्या वाटाण्याएवढ्या कैऱ्या गळून पडतात. येथे फळाचा घात करतो तो दुसरा बहरच. मरण आणि पुनर्जन्म या द्वंद्वात हा व्यवहार बसवायचा कसा?

कालिदासाला ही अडचण नव्हती. ‘ऋतुसंहार’ ग्रीष्मापासून सुरू होऊन वसंतात संपतो. त्याला मृत्यूतून वर काढायचे काही नाही. ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात पश्चात्तापदग्ध राजा वसंतोत्सवाला मनाई करतो, तेव्हा कंचुकी सांगतो की, आम्रमंजरी येऊन बराच काळ लोटला तरी तिच्यात पराग धरत नाही, कोरांटी कळीतच थांबली आहे आणि शिशिर सरला तरी कोकिळाचा स्वर कंठातच अडखळतो आहे. यात केवळ राजाज्ञेची अतिशयोक्ती पाहणारे वाचन उथळ होय. मंजरी मेलेली नाही. ती आलेली आहे आणि अडली आहे. दुष्यंताची स्मृतीही तशीच: परत आलेली, पण निष्फळ. बहराच्या विरुद्ध टोकाला कालिदासाने मृत्यू ठेवलेला नाही, खोळंबा ठेवला आहे. संस्कृत काव्यसंकेतांचे ‘कृत्रिम’ म्हणून विसर्जन करणाऱ्यांनी हे एकदा पाहावयास हवे होते.

या दृष्टीने दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’चे (१९५६) मोलही वेगळे ठरते. ‘सूक्ष्म निरीक्षण’ हे त्याच्या वाट्याला आलेले प्रशस्तिपत्र अपुरे आहे. निरीक्षण तर वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही असते. भागवतांनी सहा ऋतूंऐवजी बारा महिने हे लेखनाचे एकक केले, आणि हा निर्णय आशयाचाच भाग आहे. ऋतू म्हटला की त्याची नायिका, त्याचा रस, त्याचे फूल ठरलेले. महिन्याला असे काही आधीच चिकटलेले नसते. त्यामुळे वसंताचा परवाना न मागता माघातले फूल तिथे माघातच फुलू शकते.