राजवाड्यात पाणी कोण भरतं?

पुन्हा बर्फ पडला. मराठीतल्या हौशी फँटसी लेखकांच्या कथांत हल्ली इतका बर्फ पडतो की मे महिन्यात सेलूत बसून वाचणाऱ्याला तेवढाच गारवा. इकडे पारा चाळिशीच्या पुढे, आणि मोबाइलवर उत्तरेकडच्या किल्ल्याभोवती हिमवादळ, वर ड्रॅगनच्या घिरट्या. अनाथ म्हणून वाढलेल्या नायकाच्या खांद्यावर तिसऱ्या-चौथ्या भागात राजघराण्याची खूण उमटते. खाली वाचक लिहितात, 'खूप छान, पुढचा भाग लवकर टाका.'

एवढ्यावर लेख लिहायचं कारण नव्हतं. कंटाळवाणं लेखन छापील मराठीतही कमी नाही. पण मध्यंतरी अशीच भागाभागांनी येणारी, कुठेही न छापलेली एक कादंबरी हाती लागली आणि मी जागा झालो. लेखकाने टोपणनाव घेतलंय. बोलीवरून तो दुधनेच्या काठचाच वाटतो. काम अर्धवट आहे आणि उद्या तो ते बदलूही शकतो, म्हणून कादंबरीचं नाव सांगत नाही.

धरणाखाली गेलेल्या गावातले पूर्वज मावेजा मागायला तहसील कचेरीत येतात, अशी तिची सुरुवात आहे. जिवंतांना मावेजा मिळाला. मेलेल्यांची घरंही बुडाली, त्यांचं काय? त्यांना पाण्याबाहेर राहता येतं ते पाय ओले असेपर्यंतच. म्हणून प्रत्येकाच्या हातात तांब्या. बाकावर बसल्या बसल्या ते पायांवर पाणी ओतत राहतात आणि कचेरीची फरशी दिवसभर निसरडी. बाबू वर न बघता विचारतो, 'वारस प्रमाणपत्र?' म्हातारा म्हणतो, 'मीच मेलोय, वारस कामून आणू?' ही जागा मी परत परत वाचली. जादू आहे, तिला नियम आहे, नियमाला किंमत आहे, आणि ती किंमत पाण्यात मोजलेली आहे. दुष्काळी मुलखात मेलेल्यानेही पाणी जपून वापरायचं, ही कल्पना बर्फाळ किल्ल्याच्या लेखकाला सात जन्मांत सुचणार नाही.

बाकीच्या प्रवाहांची वासलात लवकर लावता येते. 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी लावलेल्या भयकथा नारायण धारपांच्या उरल्यासुरल्यावर जगतात. धारपांनीही परदेशी माल उचलला, 'लुचाई' कुठून आली हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांचं भूत मराठी घरात शिरताना उंबऱ्याला ठेचकाळायचं. पुराणातल्या वीरांना यंत्रमानवाचं चिलखत चढवणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. जी. एं.च्या 'इस्किलार'च्या वाटेने जाणारे मोजके आहेत, पण त्यांना जी. एं.ची वाक्यं दिसतात, त्यामागची नियती दिसत नाही.

भागाभागांनी लिहिणं मराठीला नवं नाही. हरिभाऊ आपट्यांनी 1890 पासून 'करमणूक'मध्ये तेच केलं. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सला मराठी पोशाख चढवला, नाथमाधवांचा 'वीरधवल' घराघरांत वाचला गेला, आणि पुढे 'चांदोबा'ने वेताळाला दर महिन्याला राजाच्या खांद्यावर बसवलं. पण या साऱ्यांच्या आणि वाचकाच्या मध्ये आठवड्याचं नाहीतर महिन्याचं अंतर होतं, संपादक होता, टपाल होतं. आज प्रतिलिपीसारख्या ॲपवर किंवा व्हॉट्सॲपच्या गटावर रात्री भाग टाकला की सकाळच्या चहाआधी निकाल हातात. लेखक ओळ लिहितो तेव्हा वाचक त्याच्या मानगुटीवर बसलेला असतो, आणि हा वेताळ कोडी घालत नाही, फर्माइशी करतो.

अप्रकाशित फँटसीचा आपल्याकडचा मूळपुरुष मराठवाड्याशीच नातं सांगतो. 'कथासरित्सागरा'तली गुणाढ्याची कथा वाचकांना ठाऊक असेल. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाचा हा मंत्री. पैजेत भाषा गमावून बसला आणि रानात जाऊन पैशाचीत, स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोकांची बृहत्कथा त्याने लिहिली. राजाने भाषा पाहिली, रक्त पाहिलं आणि ग्रंथ परत धाडला. मग गुणाढ्याने अग्निकुंड पेटवलं आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत जाळायला घेतलं. प्राणी चरायचे विसरले. राजाच्या ताटात सुकं मांस येऊ लागलं, तेव्हा कुठे राजा रानात पोचला. उरलं होतं एक लाख.

या कथेवर गहिवरणाऱ्यांच्या नजरेतून एक तपशील निसटतो. वाचलेला लाखभर भाग आगीतून योगायोगाने वाचला नाही. शिष्यांना आवडतो म्हणून नरवाहनदत्ताची कथा गुणाढ्याने आधीच बाजूला काढली होती. ती कथा कुणाची? विद्याधरांचा चक्रवर्ती होण्याचं भाकीत जन्मतःच कपाळी घेऊन आलेल्या राजपुत्राची. वाचकांच्या आवडीने वारस वाचवला आणि सहा लाख श्लोक जाळात गेले. त्या सहा लाखांत कोण होतं? कुंभार असेल, कोळी असेल, एखादी विहीर खणणारी बाई असेल.

तेच दुधनेकाठच्या त्या कादंबरीत झालं. दुसऱ्या भागापासूनच विचारणा सुरू झाली: हिरो कधी येणार? लव्हस्टोरी आहे का? लेखकाने काही काळ दम धरला. पाचव्या भागात मात्र कचेरीत चहा आणून देणारी मुलगी, जिच्याकडे मी मोठ्या आशेने पाहत होतो, अचानक बुडालेल्या गढीच्या मालकांची नात निघाली. मनगटावर खूण. आता पूर्वज तिच्यासमोर हात जोडून उभे आहेत आणि तांबे कुठे गेले ते कुणी सांगत नाही. वाचक खूष.

माझं भांडण ड्रॅगनशी नाही, या खुणेशी आहे. जन्माने निवडलेला, रक्तात सत्ता असलेला, अंगावर पुरावा घेऊन आलेला माणूस ही आपल्या मुलखात कल्पना कधी होती? तो तर हजारो वर्षांचा रोकडा व्यवहार आहे. कोण कुणाच्या पोटी जन्मला यावर कुणी कुठल्या पाणवठ्यावर जायचं हे ठरत आलं. विहिरीतल्या साती आसरा जात विचारत नाहीत. काठावरचा मालक विचारायचा. आणि शक्याशक्यतेची सगळी बंधनं झुगारायची मुभा असलेला आमचा तरुण लेखक ती मुभा वापरून उभं काय करतो, तर पुन्हा एक गढी आणि तिचा वारस. त्याच्या साम्राज्यात तलवारींना नावं आहेत, पण राजवाड्यात पाणी कोण भरतं ते एकाही भागात येत नाही.

लेखकाइतकाच दोष आम्हा टीकाकारांचाही आहे. मराठवाड्यात वास्तववादाचा दबदबा मोठा, आणि तो कमावलेला आहे. बी. रघुनाथांपासून ती वाट चालत आली. याच सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे आसाराम लोमटे. त्यांच्या 'आलोक'ला 2016 साली साहित्य अकादमी मिळाली. गावात सत्ता कुणाच्या ओट्यावरून चालते हे कळायला त्यांच्या कथा वाचाव्यात. पण या कमाईचा आधार घेऊन आम्ही फँटसीला पलायन म्हणून मोकळे झालो. पोरांनी त्याचा अर्थ सरळ घेतला: इथलं लिहायचं तर दुःख लिहा, अद्भुत लिहायचं तर युरोपात जा. त्यांचा बर्फ आम्हीच पाडला.

2016 मध्येच मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. आगगाडी भरून पाणी येतं आणि शहर तिची वाट पाहतं. ही कल्पना कुणी आधी कादंबरीत घातली असती तर आम्हीच तिला पळवाट म्हणून हिणवलं असतं. मुंज्याला पिंपळ सोडता येत नाही, आसरांची ओटी चुकवता येत नाही, वेताळाची स्वारी ठरल्या तिथीलाच निघते; टोल्किनने भाषा आणि वंशावळी रचून जे कमावलं ते नियमांचं जाळं इथे आयतं आहे. वास्तववाद्यांनी विचारलेले प्रश्न, जमीन कुणाची, पाणी कुणाचं, नाव कुठल्या कागदावर, या जाळ्यात टाकायचे. त्या म्हाताऱ्याच्या तांब्यात ते घडत होतं. चार भाग घडत होतं.

यावर मला सांगितलं जातं, की हौसेने लिहितात, फुकट वाचायला देतात, कशाला झोडता? फुकट देतात म्हणूनच. प्रकाशकाचं देणं नाही, पृष्ठमर्यादा नाही, कागदाचा भाव नाही, पुरस्काराची आशा नाही. दातारांना आणि धारपांना हे भाग्य नव्हतं. त्यांना खपावं लागत होतं. ज्याला खपायचंच नाही त्याने वाचकाला इतकं का भ्यावं? पाचवा भाग अजून छापलेला नाही, खोडून पुन्हा लिहिता येतो. ती मुलगी चहावाल्याचीच पोर राहू दे, तिच्या हाती तांबे भरायचं काम येऊ दे, आणि पाणी संपत आलं की कुणाचे पाय आधी सुकू द्यायचे हे तिला ठरवू दे. हिरो मागणारे चार वाचक गळाले तर गळाले.