‘पिता-पुत्र?’ : भिन्नदृष्टी साधने आणि शोधक निबंधाची कसोटी

महाविद्यालयीन प्रकल्पलेखनात अलीकडे एक साचा रूढ झालेला दिसतो. विषय निवडला जातो, चार-पाच अभ्यासकांची मते एकाखाली एक उतरविली जातात आणि शेवटी ‘अशा प्रकारे विविध मते आढळतात’ असे म्हणून लेखन आवरते घेतले जाते. मतभेद नोंदविले की शोध झाला, असा समज त्यामागे आहे. वस्तुतः शोधक निबंधाचे खरे काम मतभेद नोंदविल्यानंतर सुरू होते. दोन साधने एकमेकांच्या विरोधात का उभी आहेत, ती एकाच प्रश्नाचे उत्तर देत आहेत काय, आणि त्यांचा अधिकार सारखा आहे काय, हे तपासणे हा या लेखनप्रकाराचा गाभा होय. मराठीत या प्रकाराचा उत्कृष्ट नमुना शोधायचा झाल्यास इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधील (१९६७) ‘पिता-पुत्र?’ या निबंधाकडे वळावे लागते.

शीर्षकातील प्रश्नचिन्ह शोभेसाठी नाही. युधिष्ठिराचा जनक विदुर असावा काय, हा त्या निबंधाचा विषय आहे. या तर्काला पोषक ठरणारे संदर्भ महाभारतात विखुरलेले आहेत. अणीमांडव्याच्या शापामुळे यमधर्म विदुराच्या रूपाने जन्मास आला, असे आदिपर्व सांगते. आणि कुंतीने प्रथम आवाहन केले ते धर्माचेच. नियोगाच्या प्रथेत दिराचा अधिकार मान्य होता व विदुर पांडूचा धाकटा भाऊ होता. वारणावताला निघालेल्या युधिष्ठिराला विदुर इतरांना उमगणार नाही अशा बोलीत सावध करतो. तो काय म्हणाला, हे कुंतीला मागाहून विचारावे लागते. पांडव वनवासात असताना कुंती विदुराच्या घरी राहते. आश्रमवासिक पर्वात तर रानात कृश होऊन झाडाला टेकून उभा असलेला विदुर युधिष्ठिराकडे एकटक पाहत योगबलाने त्याच्या देहात प्रवेश करतो, आणि त्यानंतर व्यास धृतराष्ट्राला धर्म, विदुर व युधिष्ठिर हे एकच असल्याचे सांगतात. बापाने मरतेवेळी आपली इंद्रिये व प्राण पुत्राच्या ठायी ठेवण्याचा विधी उपनिषदांना परिचित आहे. तो ध्यानी घेता हा प्रसंग विलक्षण बोलका वाटतो.

इरावतीबाईंचे बळ असे की त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक आहेत. नातेसंबंधांची रचना, वारसाहक्क, दासीपुत्राचे स्थान हे त्यांच्या नित्य परिचयाचे प्रश्न. शिवाय त्यांच्या हाती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सक आवृत्ती होती. १९१९ मध्ये आरंभ झालेले हे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले, आणि पुढच्याच वर्षी ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले. साधनांच्या अधिकाराचा मुद्दा येथे निर्णायक ठरतो. ‘सूतपुत्राला वरणार नाही’ असे द्रौपदीने स्वयंवरात कर्णाला सुनावल्याचा प्रसंग घराघरांत ठाऊक आहे. चिकित्सक आवृत्तीने तो संहितेतून काढून पाठभेदांत ठेवला आहे. वस्त्रहरणात कृष्णाने वस्त्रे पुरविल्याच्या तपशिलाचीही गत तीच. त्याच १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मधला कर्ण अनेक विद्यार्थी महाभारतातला कर्ण म्हणून निःशंकपणे उद्धृत करतात. कादंबरी हेही साधन आहे. मात्र ते विसाव्या शतकातील मराठी मनाचे साधन आहे. तिला व्यासांच्या संहितेसमोर साक्षीदार म्हणून उभे केले, तर घोळ होणारच.

आता विरुद्ध बाजू. आदिपर्वातील पांडू कुंतीला आपल्या तोडीच्या किंवा आपल्याहून श्रेष्ठ पुरुषापासून अपत्य मिळविण्यास सांगतो. दासीपुत्र विदुर या कसोटीस उतरणे कठीण. धर्माचे आवाहन प्रथम का, याचे कारणही तेथेच पांडूच्या तोंडी आले आहे : धर्मापासून झालेल्या पुत्राकडे अधर्माचा दोष जाणार नाही. कथेने स्वतःच दिलेले कारण बाजूला सारून दुसरे कारण पुढे करायचे, तर त्यासाठी अधिक भक्कम पुरावा हवा. त्याहून मोठी अडचण स्थळाची आहे. पांडवांचा जन्म शतशृंग पर्वतावर झाला. विदुर तर हस्तिनापुरात. विदुर शतशृंगावर गेल्याचा उल्लेख संहितेत नाही. ज्या महाभारताने कर्णाच्या जन्माची गोष्ट लपविली नाही, व्यासाच्या जन्माची लपविली नाही, त्याने हीच एक गोष्ट का झाकावी, हाही प्रश्न उरतो. त्याला वारसाहक्काचे उत्तर देता येते : क्षत्रियेतर पित्याचा पुत्र सिंहासनाचा दावेदार ठरला नसता. परंतु हे उत्तर मौनावरून काढलेले आहे, आणि मौनावरून काढलेले अनुमान कोणत्याही बाजूला झुकविता येते. अखेरच्या देहप्रवेशाचा अर्थही अंशावताराच्या कल्पनेने पुरता लागतो. त्यासाठी जैविक पितृत्वाची गरज राहत नाही.

एवढे आक्षेप घेऊनही निबंधाचे मोल उणावत नाही. त्याने पुरावा मांडण्याची जी शिस्त पाळली आहे तिच्यामुळेच हे आक्षेप घेता येतात. संदर्भ कोठला, अनुमान कोठले, ही सीमारेषा वाचकाला दिसते.

दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ (१९६२) शेजारी ठेवले म्हणजे दृष्टिभेदाचे स्वरूप आणखी उकलते. दुर्गाबाई व्यक्तिरेखांकडे भावस्थितीच्या आणि प्रतिमांच्या अंगाने पाहतात; विदुर कोणाचा पिता, हा प्रश्न त्या वाचनपद्धतीला फारसा महत्त्वाचा नाही. चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक वि. स. सुखठणकर यांची व्याख्याने त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये ग्रंथरूपाने आली. त्यांत महाभारताचा अर्थ लौकिक, नैतिक आणि पारमार्थिक अशा तीन पातळ्यांवर लावलेला आहे. विदुर व युधिष्ठिर यांचे ऐक्य तिसऱ्या पातळीवर सहज पटते. इरावतीबाई त्याची फोड पहिल्या पातळीवर करू पाहतात. तेव्हा ‘सुखठणकर असे म्हणतात, कर्वे तसे म्हणतात’ अशी जोडी लावणारा विद्यार्थी मुळात नसलेला वाद उभा करतो. याउलट आदिपर्वातील पांडूचे शब्द आणि विदुराच्या पितृत्वाचा तर्क यांच्यातला विरोध खरा आहे, कारण दोन्ही एकाच पातळीवर, एकाच प्रश्नाविषयी बोलतात. पदव्युत्तर वर्गात हा निबंध नेमला गेला, तर विद्यार्थ्यांपुढे चिकित्सक आवृत्तीतील आदिपर्वाचे आणि आश्रमवासिक पर्वाचे संबंधित अध्याय आधी ठेवावेत व इरावतीबाईंचा निबंध मागाहून. तो क्रम उलटा झाला की निबंधाची मोहिनी इतकी मोठी असते, की शतशृंगाची आठवण कोणाला राहत नाही.