अचलेने निवडलं कुणाला?

अचला म्हटली की चंचल, हा शेरा शरच्चंद्रांच्या मराठी वाचकांच्याही तोंडी बसला आहे. ‘गृहदाह’ (१९२०) पुन्हा वाचताना तो पटेनासा होतो. एकीकडे गरीब, अबोल महिम. दुसरीकडे त्याचाच श्रीमंत, उतावळा मित्र सुरेश. स्थिर माया की उत्कट प्रेम, असा सरळ पेच वाटतो खरा. पण अचला निवड करते ती एकदाच, आणि ती महिमची. वडील केदारबाबू सुरेशच्या पैशाने मिंधे झालेले असताना ती आपली अंगठी महिमच्या बोटात घालते.

मग बिनसतं कुठे? महिमच्या गप्प राहण्यात. खेड्यातल्या घरात तो बायकोशी मोकळेपणाने बोलत नाही. मृणालबद्दलचा तिचा संशयही फेडत नाही. त्याची माया खरी आहे, पण ती कळू न देता बाईने तिच्या भरवशावर किती दिवस काढायचे? सुरेश निदान बोलतो तरी.

सुरेशची उत्कटता मात्र शेवटी दगाबाजीवर येते. आजारी महिमला हवापालटासाठी नेताना पावसाळी रात्री तो अचलेला फसवून दुसऱ्याच गाडीने नेतो. याला निवड कसं म्हणायचं? प्रवासाला सुरेशला बोलावलं तिनेच, हे शरदबाबू विसरू देत नाहीत. पण सोबत मागणं वेगळं, नवरा सोडणं वेगळं. पुढे प्लेगने सुरेश जातो, आणि डिहरीत तिच्यावर लेकीसारखी माया करणारे रामबाबू खरं कळताच तिला तशीच टाकून निघून जातात. त्या धर्मनिष्ठ म्हाताऱ्याचं जाणं मला सुरेशच्या फसवणुकीहून अधिक बोचतं.