मराठी कथात्म साहित्यातील कुमारवयीन मुलांचे पालकांशी असलेले भावबंध : एक चिकित्सा

प्रस्तावना :
पालक आणि मूल यांच्या नात्याचे चित्रण मराठी साहित्यात विपुल आहे. मात्र ते बहुधा पालकाच्या किंवा प्रौढ झालेल्या अपत्याच्या दृष्टीतून झालेले दिसते. प्रत्यक्ष कुमारवयात असलेल्या मुलाला हे नाते कसे दिसते, या प्रश्नाकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. प्रस्तुत लेखात साने गुरुजींची 'श्यामची आई' (१९३५), प्रकाश नारायण संत यांचा 'वनवास' (१९९४) हा कथासंग्रह आणि मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) ही कादंबरी यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

१. ऋणाची भाषा :
'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. आश्रमातील सोबत्यांना श्याम रात्रीमागून रात्र आईच्या आठवणी सांगतो, अशी ४२ रात्रींची तिची रचना आहे. निवेदक प्रौढ आहे आणि आई हयात नाही, ही बाब येथे निर्णायक ठरते. पोहायला जाण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई मारते. त्या वेळचा मुलाचा राग निवेदनात फार काळ टिकत नाही. तो कृतज्ञतेत विरून जातो. वाचकाला भेटतो तो मुलाचा अनुभव नव्हे, तर त्या अनुभवाचा पुढे लागलेला अर्थ.

२. ओढीची भाषा :
संतांचा लंपन आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढतो. पालकांचे प्रेम त्याला ठाऊक आहे. परंतु त्या घरात आपले स्थान कोणते, याचे उत्तर त्याच्यापाशी नाही. तो तक्रार करीत नाही. कानडी वळणाच्या बोलीतून तो माणसे, वस्तू, आवाज टिपत राहतो आणि न बोललेली ओढ त्या तपशिलांत साठत जाते. 'वनवास' हे शीर्षकच या अनुभवाचे नाव आहे.

३. लपवण्याची भाषा :
'शाळा'चा निवेदक मुकुंद जोशी आणीबाणीच्या काळात नववीत शिकतो. आईला तो मनात 'आईसाहेब' म्हणतो. या उपहासात दुरावा आहे, तशी जवळीकही आहे. कारण जिच्या धाकाची खात्री असते तिलाच असे नाव ठेवता येते. शिरोडकरविषयीचे आकर्षण तो घरापासून लपवतो. मित्रांची खरी बैठक अर्धवट बांधलेल्या इमारतीत भरते. पीटर ब्लॉस या मनोविश्लेषकाने १९६७ मध्ये कुमारवयाला 'दुसरे विलगीकरण' म्हटले. बालपणी मनात वसलेल्या पालकांपासून सुटे होत स्वतःची घडण करणे, असा त्याचा आशय आहे. त्या प्रकाशात मुकुंदचे लपवणे हे प्रेमाचा अभाव ठरत नाही. नाते नव्याने आखण्याची ती खटपट ठरते.

४. मर्यादा :
या तिन्ही कृतींत पाहणारा डोळा मुलाचा आहे. मुकुंदची बहीण त्याच घरात वाढते, पण तिला आई-वडील कसे दिसतात हे कळत नाही. शिरोडकरचे घरही वाचकाला बाहेरूनच दिसते. ज्या मुलीला लपवण्यासाठी अर्धवट इमारतही उपलब्ध नाही, तिचे मौन या परंपरेत बहुतांशी अलिखित राहिले आहे.

निष्कर्ष :
ऋण, ओढ आणि लपवणूक या भावबंधाच्या तीन भाषा आहेत. त्यांपैकी पहिलीलाच आदर्श मानण्याची सवय शिक्षणव्यवहारात खोलवर रुजलेली आहे. जोगेश्वरीतील मेघवाडी, मजासवाडी यांसारख्या वस्त्यांमधून अकरावी-बारावीला येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी स्वतंत्र खोली नसते. त्यांच्या दृष्टीने महाविद्यालयाचा जिना किंवा ग्रंथालयाचा कोपरा हीच ती अर्धवट इमारत असते. 'आईवर निबंध लिहा' असे सांगितल्यावर त्यांच्याकडून श्यामची भाषा येते, कारण तीच अपेक्षित असते. लंपन आणि मुकुंद यांचे वाचन वर्गात झाल्यास घरी न बोलणारे मूल कृतघ्नच असते, हा समज तपासता येईल. घरी बोलावणे धाडण्यापूर्वी शिक्षकाने त्या मौनाचा अर्थ लावला पाहिजे. ते अनेकदा नात्याचा शेवट नसून त्याचे वयात येणे असते.