प्रमाण कुणाचे, शरीर कुणाचे?

‘प्रमाण’ हा शब्द ऐकला की मी सावध होतो. प्रमाण भाषेने आमच्या आयांची बोली अशुद्ध ठरवली. नृत्यातही प्रमाण असते, आणि तेथे ते बाईच्या शरीरावरच आखले जाते.

चंद्रलेखा (१९२८–२००६) यांचे २००१ चे ‘शरीर’ मी चित्रफितीवर पाहिले. गुंदेचा बंधूंचे धृपद, संथ गती आणि स्त्रीच्या पायांनी जमिनीवर उभे राहणारे त्रिकोण. देव नाही, वाट पाहणारी नायिका नाही, दागिने नाहीत. १९८५ च्या ‘अंगिका’त त्यांनी भरतनाट्यम, कळरी आणि योग एकत्र आणले, त्याच वाटेची ही परिणती. बाईचे शरीर नटवण्याची वस्तू नसून शक्तीचे केंद्र आहे, हे त्या ठामपणे मांडतात. हे मोठे काम आहे, आणि ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही.

पण माझा प्रश्न त्यापुढचा आहे. टाचा जुळवून, गुडघे बाहेर वळवून अर्धे बसायचे, ही ‘अरैमंडी’ भरतनाट्यमच्या भूमितीचा पाया. हा पाया देवदासी घराण्यांतील स्त्रियांनी आणि त्यांच्या नट्टुवनारांनी पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळून जपला. १९३६ साली रुक्मिणीदेवींनी कलाक्षेत्र स्थापन केले. त्यांच्या हातून शृंगार गाळला गेला आणि रेषा ‘शुद्ध’ झाली. १९४७ च्या मद्रासच्या कायद्याने देवदासी प्रथा बंद केली. प्रथा बंद व्हायलाच हवी होती. पण कला प्रतिष्ठितांच्या घरी गेली आणि कलावंतीण कलंक घेऊन मागे राहिली.

त्याच १९३६ च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्यासमोर उभे होते. हे जिणे सोडा, असे ते सांगत होते. तमिळ देवदासी आणि आपली जोगतीण यांची जात एक नव्हे, जगणेही एक नव्हे. पण देवाच्या नावाने बाईचे शरीर गावाच्या मालकीचे करणारी रीत दोन्हीकडे होती. एकीकडे शरीराची भूमिती वाचवली जात होती, दुसरीकडे शरीराची मालकी मागितली जात होती. आपला वारसा या दुसऱ्या मागणीचा आहे.

म्हणून चंद्रलेखांचा त्रिकोण मला अर्धा वाटतो. त्यांनी बाईला देवापासून सोडवले, पण त्या त्रिकोणाला जात उरली नाही. जे शरीर कधी विकले गेले नाही, त्यालाच निव्वळ रेषा होणे परवडते. फडावर नाचणाऱ्या बाईने तोच पाय रोवला तर तिला अश्लील म्हणतात. पाय तोच, जमीनही तीच. फरक बघणाऱ्याच्या नजरेत आहे, आणि त्या नजरेला जात आहे.

नृत्य शिकणाऱ्या आपल्या मुलींनी अरैमंडीत जरूर बसावे. मात्र ही बैठक कुणाच्या गुडघ्यांनी घडवली, हे आधी विचारावे. ज्या सौंदर्यशास्त्राला हा प्रश्न सोसत नाही, ते आपण प्रमाण मानण्याचे कारण नाही.