पुरेसं कोणाला वाटायचं?

महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक सभेला तुम्ही कधी बसला असाल, तर एक गंमत नक्की पाहिली असेल. सचिव अहवाल वाचत असतात: पाडवा झाला, गणपती झाला, कोजागिरी झाली, मुलांच्या नाटकाला उत्तम प्रतिसाद मिळाला. तोवर मागच्या दोन रांगा फोनमध्ये असतात. मग खजिनदार उठतात आणि सगळे सरसावून बसतात. हॉलचं भाडं एवढं कसं? मराठी शाळेच्या पुस्तकांना गेल्या वर्षीपेक्षा निम्मेच पैसे का? सचिव सांगतात ते खोटं नसतं, पण मंडळाला खरोखर काय महत्त्वाचं वाटतं ते खजिनदारांच्या कागदावर कळतं.

मानवी हक्कांसाठी देशादेशांनी ज्या राष्ट्रीय संस्था उभ्या केल्या आहेत, त्यांचे वार्षिक अहवाल मी कामाचा भाग म्हणून वाचते, आणि आता याच पद्धतीनं वाचते. आधी हिशेब, मग कामगिरी. दोन संस्थांबद्दल इथे लिहायचं आहे. एक ब्रिटनचा समानता आणि मानवी हक्क आयोग, ज्याच्या कक्षेत माझ्यासारखे इथले रहिवासी येतात. दुसरा दिल्लीचा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग, ज्याच्या कक्षेत आपले आईवडील आणि भावंडं येतात.

ब्रिटनचा आयोग १ ऑक्टोबर २००७ रोजी सुरू झाला. वंशभेद, स्त्री-पुरुष समानता आणि अपंगांचे हक्क यांसाठीचे तीन जुने आयोग त्यात मिसळले. सुरुवातीला वर्षाचं अंदाजपत्रक ७ कोटी पौंडांच्या घरात होतं. अलीकडे ते १ कोटी ७१ लाखांवर येऊन थांबलं. सोळा आण्यांतले चार आणे उरले म्हणा ना, आणि महागाई धरली तर तेवढेही नाहीत.

या घसरणीची गोष्ट एकतर्फी सांगता येणार नाही. पहिल्या वर्षांत आयोगाचा कारभार ढिसाळ होता. जुन्या आयोगातून नुकसानभरपाई घेऊन बाहेर पडलेल्या काही वरिष्ठांना लगेच सल्लागार म्हणून परत घेतलं गेलं. त्यासाठी लागणारी मंजुरी घेतलेली नव्हती. महालेखापरीक्षकांनी सुरुवातीच्या हिशेबांवर आक्षेप नोंदवूनच सही केली आणि प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेलं. हक्कांची बाजू घेणाऱ्या आपल्यासारख्यांना ही पानं उलटून पुढे जायचा मोह होतो, पण जाऊ नये. २०१० नंतर काटकसरीचं सरकार आलं, तेव्हा कात्री चालवायला लागणारं निमित्त आयोगानेच हातात दिलं होतं. २०१२ मध्ये सल्ल्याची हेल्पलाइन आयोगाकडून काढून बाहेर देण्यात आली, स्थानिक संस्थांना अनुदानं देणं थांबलं. २०१३ च्या कायद्यानं तडजोड घडवून आणण्याची सोय रद्द केली.

म्हणजे पैशांबरोबर कामंही गेली, हे खरं. पण गेली कुठली कामं, ते बघा. नोकरीच्या ठिकाणी, भाड्याच्या घरात, शाळेत अन्याय झालेला एकटा माणूस फोन करतो, ते काम गेलं. उरलं ते मोठ्या संस्थांशी बोलण्याचं, मोजके खटले लढण्याचं, संशोधनाचं. आयोग आता आपल्या ओळखीच्या माणसाला क्वचितच भेटतो. आपल्यातल्या किती जणांना तो आहे हे तरी माहीत आहे?

तरीही उरलेल्या चार आण्यांत या आयोगाने केलेलं काम लहान नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याने ब्रिटनच्या गृहखात्याविरुद्ध निष्कर्ष काढला. स्थलांतरितांसाठी मुद्दाम जाचक वातावरण तयार करणारं धोरण आखताना विंडरश पिढीतल्या कॅरिबियन लोकांवर काय परिणाम होईल, याचा कायद्याला अपेक्षित विचार खात्याने केला नाही, असा तो निष्कर्ष होता. सरकारच्या पैशावर चालणारी संस्था सरकारला असं सुनावते, तेव्हा तिचा हिशेब वाचण्याचं कारण आणखी वाढतं. सुनावून घेणारा आणि पैसे देणारा दूरचे नातेवाईक नाहीत, एकाच मंत्रिमंडळातले आहेत.

हे पैसे ठरतात कसे? २००६ च्या समानता कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्याची तरतूद आहे. आयोगाला आपली कामं करता यावीत यासाठी मंत्र्यांना जी रक्कम वाजवीपणे पुरेशी वाटेल ती मंत्र्यांनी द्यावी, असा तिचा आशय. भारताच्या १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याचं कलम ३२ याच विषयावर आहे. तिथे केंद्र सरकारला योग्य वाटतील अशा रकमा, संसदेच्या मंजुरीनंतर, अनुदान म्हणून द्याव्यात असं म्हटलं आहे.

दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा. एकात ‘पुरेशी’ आहे, दुसऱ्यात नाही. इंग्रजी कायद्यात निदान कामाशी माप लावलं आहे: काम एवढं, तर त्याला पुरेल एवढं. भारतीय कायद्यात मापच नाही. ‘वाटणं’ मात्र दोन्हीकडे सरकारचंच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर १९९३ मध्ये मान्य केलेली पॅरिस तत्त्वं सांगतात की अशा संस्थेला पुरेसा निधी हवा, स्वतःची जागा आणि स्वतःची माणसं हवीत, म्हणजे पैशाच्या दोरीने सरकार तिला ओढू शकणार नाही. पण पुरेसं म्हणजे किती हे तत्त्वांतही नाही, आणि असूही शकणार नाही. ते दर वर्षी भांडून ठरवायला हवं आणि त्या भांडणासाठी जो कागद लागतो तो वार्षिक अहवाल.

इथे ब्रिटिश अहवालाचं कौतुक केलंच पाहिजे. कामगिरी आणि हिशेब एकाच पुठ्ठ्यात असतात. मुख्याधिकाऱ्याचा पगार कोणत्या पट्ट्यात बसतो, सर्वाधिक पगार आणि मधल्या कर्मचाऱ्याचा पगार यांचं प्रमाण काय, महालेखापरीक्षकांचं प्रमाणपत्र, सगळं हाताशी. आपल्या मंडळाच्या खजिनदारांना भेट द्यावा असा दस्तऐवज आहे (ते घेतील का, हा प्रश्न वेगळा).

माझी तक्रार तरीही आहे. या अहवालांत केलेलं काम ठळकपणे असतं. पैसे कमी आहेत हेही कुठेतरी मोघमपणे असतं. पण पैसे नव्हते म्हणून नेमकं कोणतं काम हातात घेतलं नाही, कोणता खटला सोडून दिला, ते नसतं. आपल्या दारातलंच उदाहरण घेऊ: जात.

२०१३ मध्ये ब्रिटिश संसदेने ठरवलं की समानता कायद्यात वंशाच्या व्याख्येखाली जातीचा उल्लेख करावाच लागेल. तोवर सरकारला तसं करता येत होतं, आता करणं बंधनकारक झालं. आयोगाकडे त्या संदर्भात संशोधनाचं काम आलं आणि २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या जातीविषयी त्याचे दोन अहवाल निघाले. त्याच वर्षी बिहारमधून आणलेल्या एका आदिवासी घरकामगार बाईचा खटला अपिलात गेला, तेव्हा आयोगाने त्यात हस्तक्षेप केला. साडेचार वर्षं ती बाई एका भारतीय कुटुंबात राबत होती आणि तिला मिळालेल्या पैशांचा हिशेब ताशी ११ पेन्स पडत होता. जातीवरून केलेला भेदभाव ‘वांशिक मूळ’ या शब्दांत बसू शकतो, असं अपील न्यायाधिकरणाने म्हटलं. २०१५ मध्ये तिला थकलेल्या पगारापोटी १ लाख ८३ हजार पौंडांहून अधिक रक्कम देण्याचा आदेश झाला.

पुढे काय झालं ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल, कारण आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर त्या वेळी बरीच जुंपली होती. २०१७ मध्ये सरकारने लोकांची मतं मागवली. १६ हजारांहून जास्त उत्तरं आली. दलित संघटना कायद्यात स्पष्ट उल्लेख हवा म्हणत होत्या, अनेक हिंदू संघटना नको म्हणत होत्या, आणि मराठी माणसं दोन्ही बाजूंना होती. बहुसंख्य उत्तरं ‘कोर्टाच्या निकालांवर सोडा’ या बाजूची निघाली. जुलै २०१८ मध्ये सरकारने तेच केलं. संसदेने बंधनकारक केलेलं काम करणार नाही, असं जाहीर केलं.

मला इथे खजिनदार आठवतात. कोर्टाच्या निकालांवर सोडा म्हणजे काय? म्हणजे कोणीतरी खटला भरला पाहिजे. ताशी ११ पेन्स मिळवणारी बाई स्वतःच्या बळावर अपिलापर्यंत जात नाही. तिच्या मागे कोणीतरी उभं राहावं लागतं. ज्या संस्थेने उभं राहावं तिचं अंदाजपत्रक पावावर आणायचं आणि मग प्रश्न खटल्यांवर सोडायचा, हे दोन निर्णय वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या वर्षी झाले, म्हणून ते वेगळे वाटतात. ते एकच आहेत. जातीच्या किती तक्रारींना आयोगाने पैशाअभावी हात लावला नाही, हे वार्षिक अहवालाच्या एका पानावर असतं, तर २०१८ च्या निर्णयाची किंमत पौंडांत मांडता आली असती. हिशेबात खटलेवार खर्च नसतो. सगळं ‘कायदेशीर काम’ या गाठोड्यात जातं.

दिल्लीचा अहवाल उघडला की वेगळंच जग. इथे दारं सगळ्यांना उघडी आहेत. साध्या कागदावर, फुकट, कोणत्याही भारतीय भाषेत तक्रार करता येते आणि दर वर्षी हजारोंनी, काही वर्षी लाखाच्या आसपास, तक्रारी येतात. आयोगाच्या सुरुवातीच्या कामाबद्दल मला खरा आदर आहे. डिसेंबर १९९३ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर दोनच महिन्यांत, त्याने राज्यांना सांगितलं की कोठडीत मृत्यू झाला तर २४ तासांत कळवा. आज कोठडीतल्या मृत्यूंचे जे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो, त्यांच्यामागे ते एक पत्र आहे. २००३ मध्ये बडोद्याच्या बेस्ट बेकरी खटल्यात सगळे आरोपी सुटले, तेव्हा हाच आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि पुढच्या वर्षी फेरखटला महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश झाला. मुंबईत तो चालला, काहींना शिक्षा झाली.

आता अहवालातले तक्त्यांचे रकाने बघा. किती प्रकरणं मुळातच फेटाळली, किती संबंधित अधिकाऱ्याकडे योग्य कारवाईसाठी पाठवून निकाली काढली. ‘निकाली’ हा शब्द इथे फार सोयीचा आहे. पोलिसांविरुद्धची तक्रार वरच्या पोलीस अधिकाऱ्याकडे रवाना झाली की आयोगाच्या वहीत ती निकालात निघते. तक्रार करणाऱ्याच्या घरात ती निघाली की नाही, त्यासाठी रकाना नाही. शिवाय आयोगाचा तपास करणारे लोकही पोलीस खात्यातूनच येतात आणि महासचिव सरकारी सेवेतून. कायद्याच्या कलम ११ मध्येच तशी व्यवस्था आहे. पॅरिस तत्त्वं ‘स्वतःची माणसं’ का म्हणतात, ते इथे कळतं. जगभरच्या अशा संस्थांना दर्जा देणाऱ्या समितीने २०२३ आणि २०२४ मध्ये भारतीय आयोगाचा ‘अ’ दर्जा लांबणीवर टाकला आणि मार्च २०२५ मध्ये तो ‘ब’ करण्याची शिफारस केली. त्यामागच्या आक्षेपांत हा एक ठळक होता.

आणि पैसे? चर्चासत्रं, उन्हाळी प्रशिक्षणार्थी, ग्रंथालय, राजभाषा पंधरवडा यांची जंत्री अहवालात सापडते. हिशेबाची वाट कलम ३४ खाली वेगळी आहे. महालेखापरीक्षकांकडून तो स्वतंत्रपणे सरकारकडे आणि संसदेकडे जातो. सचिव एका सभेत बोलतात, खजिनदार दुसऱ्या. एवढ्या तक्रारी का फेटाळल्या, याचं उत्तर तपासाला माणसं नव्हती हे आहे की इच्छा नव्हती हे, ते एक कागद हातात धरून सांगता येत नाही. २०१७ मध्ये मणिपूरमधल्या चकमकींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आयोगाच्या मनुष्यबळाच्या तुटवड्याची दखल घेतली. आयोग स्वतःला दात नसलेला वाघ म्हणवतो, याचीही नोंद निकालात आली. वाघाच्या दातांबद्दल आपल्याकडे खूप बोललं जातं, पण तो खातो काय, हा प्रश्न मागेच राहतो.

भारतीय कायद्यात एक गोष्ट मात्र अशी आहे की ती ब्रिटनने उचलावी. कलम २० प्रमाणे सरकारने वार्षिक अहवाल संसदेत मांडताना, त्यातल्या शिफारशींवर काय केलं आणि ज्या नाकारल्या त्या का नाकारल्या, याचं टिपण जोडायचं असतं. नकाराचं कारण लेखी द्यावं लागतं, ही मोठीच गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये असं टिपण सक्तीचं असतं तर २०१८ च्या निर्णयाला अहवालाच्या मागे चिकटून संसदेसमोर यावं लागलं असतं. पण भारतीय कायदा करणाऱ्यांनी मुदत घातली नाही. अहवाल कधी मांडायचा हे सरकार ठरवतं, तोवर तो लोकांसमोर येत नाही. टिपण तयार व्हायला वेळ लागतो हे कारण तयारच असतं. ज्या वर्षाचा अहवाल आहे त्या वर्षाची आठवण पुसट झाल्यावर तो हातात येतो. मंडळात असं झालं असतं तर आपण दुसऱ्या वर्षी वर्गणी दिली नसती.

हे सगळं मी एका ओळखीच्या काकांना सांगत होते. इथे चाळीस वर्षं आहेत, मंडळाचे माजी खजिनदार. ते म्हणाले, “अगं, पण हे वाचणार कोण?” मी त्यांना ब्रिटिश अहवालाचं पीडीएफ पाठवलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांनी थेट पगाराच्या पट्ट्यांपासून वाचायला घेतलं होतं आणि त्यांचा प्रश्न एकच होता: कायदेशीर कामाचा हा एक ठोक आकडा दिलाय, याची फोड कुठे मिळेल?